सार्वजनिक वाहतूक प्रकल्पांची स्थळनिवड : वाद मिटतात कसे?

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. मुंबईतील कुलाबा-वांद्रे-सीप्झ या भुयारी मेट्रो मार्गाचा, अर्थात मेट्रो मार्ग ३ चा, अखेरचा टप्पाही त्याच दिवशी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. या दोन प्रकल्पांच्या आवश्यकतेविषयी मुंबईत फारसे दुमत नव्हते. सांताक्रूझच्या विमानतळावर धावपट्टी वाढविण्यास जागा उरलेली नव्हती आणि उपनगरी रेल्वेच्या गर्दीविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. तरीही दोन्ही प्रकल्प वर्षानुवर्षे वादात राहिले. त्या वादाचे केंद्र प्रकल्प हवा की नको हे नव्हते, तर तो नेमका कोठे हवा, हे होते.

विमानतळ, बंदर, रेल्वे स्थानक, मेट्रोचे कारशेड अशा सुविधांचा लाभ संपूर्ण शहराला वा राज्याला मिळतो, पण त्यांची किंमत मोजावी लागते ती काही मोजक्या गावांना, एखाद्या नदीला किंवा एखाद्या वनराईला. लाभ विखुरलेला आणि झळ एकवटलेली, अशी ही विषम रचना आहे. त्यामुळे स्थळनिवडीवरून वाद होणे अस्वाभाविक नाही. असे वाद कोणत्या मार्गाने मिटतात आणि कोणत्या मार्गाने केवळ लांबणीवर पडतात, हा खरा प्रश्न आहे. गेल्या तीन दशकांतील अनुभव पाहता त्याचे उत्तर बऱ्याच अंशी स्पष्ट झाले आहे.

आरे ते कांजूरमार्ग आणि परत आरे

मेट्रो मार्ग ३ ची लांबी ३३.५ किलोमीटर असून तो मुंबईतील पहिला संपूर्ण भुयारी मार्ग आहे. रात्री गाड्या उभ्या करण्यासाठी आणि त्यांच्या देखभालीसाठी गोरेगावच्या आरे वसाहतीतील जागा निश्चित करण्यात आली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या या हरित पट्ट्यातील वृक्षतोडीस नागरिकांनी विरोध सुरू केल्यावर राज्य शासनाने २०१५ मध्ये तज्ज्ञ समितीकडून पर्यायांची तपासणी करवून घेतली. कांजूरमार्गचा पर्याय त्या वेळीच पुढे आला होता. मात्र तेथील जमिनीच्या मालकीचा वाद न्यायप्रविष्ट असल्याने आरेची जागाच कायम राहिली. समितीतील दोन तज्ज्ञ सदस्यांनी या निष्कर्षाशी असहमती नोंदविली होती.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे तोडण्यास प्रारंभ झाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर रोजी ‘जैसे थे’ परिस्थिती ठेवण्याचा आदेश दिला, तोपर्यंत २,१४१ झाडे तोडली गेली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यात सत्तांतर झाले आणि नव्या शासनाने कारशेडच्या कामास स्थगिती दिली. ऑक्टोबर २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलविण्याची घोषणा झाली. त्यासाठी देण्यात आलेल्या १०२ एकर जमिनीवर केंद्र शासनाच्या मीठ विभागाने हक्क सांगितला आणि डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तेथील काम थांबविले. जून २०२२ च्या अखेरीस पुन्हा नवे शासन आले, जुलैमध्ये आरेवरील स्थगिती उठली आणि कारशेड अखेर आरेमध्येच उभे राहिले.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ८४ झाडांपुरता अर्ज करण्याची मुभा मेट्रो प्राधिकरणाला दिली होती. प्रत्यक्षात १७७ झाडांसाठी प्रक्रिया करण्यात आल्यामुळे एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने प्राधिकरणास १० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. सार्वजनिक प्रकल्प अडून राहू नये म्हणून झाडे काढण्यास परवानगी मात्र कायम ठेवली. मंजुरीच्या वेळी २३,१३६ कोटी रुपये असलेला या मार्गाचा खर्च पूर्णत्वास येईपर्यंत ३७ हजार कोटी रुपयांच्या वर गेला. ही सर्व वाढ कारशेडच्या वादामुळे झाली असे म्हणता येणार नाही, परंतु वादात गेलेल्या वर्षांचा त्यातील वाटा नाकारताही येणार नाही.

या घटनाक्रमातील एक बाब विशेष विचार करण्याजोगी आहे. २०२३ मध्ये कांजूरमार्गच्याच जमिनीपैकी सुमारे १५ हेक्टर क्षेत्र मेट्रो मार्ग ६ च्या कारशेडसाठी देण्यात आले. म्हणजे ती जागा मुळातच निरुपयोगी होती असे नाही. २०१५ मध्ये तिच्या मालकीचा गुंता सोडविण्यास केंद्र आणि राज्य यांनी प्राधान्य दिले असते, तर दोन्ही जागांची तुलना समान पातळीवर झाली असती. निकाल कदाचित आरेच्याच बाजूने लागला असता. पण तो कोणत्या कारणांनी लागला, हे सर्वांसमोर आले असते आणि प्रत्येक सत्तांतरासोबत कारशेडची जागा बदलण्याची वेळ आली नसती. ज्या पर्यायाची जमीन वादग्रस्त आहे तो पर्याय केवळ कागदावरच असतो, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय.

नवी मुंबई : बदललेला आराखडा आणि मिळालेला वाटा

नवी मुंबई विमानतळाचा प्रवास याहून दीर्घ, पण वेगळ्या वळणाचा आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पर्यायी स्थळांचा शोध सुरू झाला. रेवस-मांडवा परिसराचाही विचार झाला. २००७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पनवेलजवळील जागेस तत्त्वतः मान्यता दिली. या जागेत कांदळवने होती, गाढी आणि उलवे या नद्यांची पात्रे होती, सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी होती आणि उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोपर, कोल्ही यांसह दहा वस्त्या होत्या.

पर्यावरण मंत्रालयाने आरंभी या स्थळास तीव्र आक्षेप घेतला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालय यांच्यात दीर्घ विचारविनिमय झाला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मंजुरी मिळाली, ती बदललेल्या आराखड्याला. दोन धावपट्ट्यांमधील अंतर १,८०० मीटरवरून १,५५५ मीटरवर आणण्यात आले. त्यामुळे गाढी नदीचे पात्र वळविण्याची गरज उरली नाही. कांदळवनांची हानी कमी करण्यात आली आणि त्यांच्या भरपाईदाखल अन्यत्र कांदळवन जोपासण्याची अट घालण्यात आली. उलवे नदीचा प्रवाह मात्र बदलावा लागला आणि टेकडीही कापली गेली. स्थळ तेच राहिले, पण आक्षेपांमुळे आराखडा बदलला. स्थळाच्या प्रश्नावर ‘होय’ किंवा ‘नाही’ यांच्या पलीकडे तिसरे उत्तरही असू शकते, हे यातून दिसून आले.

जमिनीचा प्रश्न सुटला तो मोबदल्याचे स्वरूप बदलल्यामुळे. या भागातील शेतकऱ्यांच्या मनात १९८४ ची स्मृती ताजी होती. नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात त्या वर्षी जानेवारीत पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले होते. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे धोरण आकारास आले. विमानतळासाठी २०१३ मध्ये हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आले. जमीन देणारा शेतकरी केवळ रोख रकमेचा धनी न राहता नव्या नगरातील भूधारक झाला. खाडीवर उपजीविका असलेल्या मच्छीमार कुटुंबांचे प्रश्न मात्र दीर्घकाळ रेंगाळले, ही या तोडग्याची उणी बाजू होय. २५ डिसेंबर २०२५ पासून या विमानतळावरून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. विमानतळास दि. बा. पाटील यांचे नाव देण्यासाठी स्थानिकांनी मोठे आंदोलन उभारले. ज्या प्रकल्पासाठी गावे उठली त्यावर आपल्या लढ्याची मुद्रा असावी, ही भावना त्यामागे होती. भरपाईच्या कोणत्याही तक्त्यात या भावनेसाठी रकाना नसतो.

न्यायालय कोठवर जाऊ शकते?

स्थळाचा वाद चिघळला की दोन्ही पक्ष न्यायालयाकडे पाहू लागतात. न्यायालये काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, याचे उदाहरण गोव्यातील मोपा विमानतळाने घालून दिले आहे. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर असल्याने नागरी उड्डाणांवर मर्यादा येत होत्या. म्हणून पेडणे तालुक्यातील मोपा येथे नवा विमानतळ उभारण्याचे ठरले आणि २००० मध्ये केंद्राची तत्त्वतः मान्यता मिळाली. उत्तर टोकाला विमानतळ गेल्यास दाबोळी ओस पडेल आणि पर्यटनावर चालणारा दक्षिण गोव्याचा चरितार्थ हिरावला जाईल, अशी भीती दक्षिणेत व्यक्त झाली. पुढे दोन्ही विमानतळ चालू ठेवण्याचा निर्णय झाला, तरी ती भीती पूर्णतः शमली नाही.

पर्यावरणाच्या मुद्द्यावर हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. २९ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने २०१५ ची पर्यावरणीय मंजुरी स्थगित केली. अर्ज करताना परिसरातील वनांविषयी आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांविषयी पुरेशी माहिती उघड करण्यात आली नव्हती, असा ठपका न्यायालयाने ठेवला आणि तज्ज्ञ समितीला फेरविचार करण्यास सांगितले. समितीने अतिरिक्त अटी सुचविल्यानंतर जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली. अटींच्या पालनावर देखरेख ठेवण्याचे काम ‘नीरी’ या संस्थेकडे सोपविण्यात आले. डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन होऊन जानेवारी २०२३ पासून तेथून उड्डाणे सुरू झाली.

याउलट केरळमधील आरन्मुळा येथे वाद दुसऱ्या टोकाला गेला. भातखाचरांची जमीन आणि पार्थसारथी मंदिराचा परिसर यांच्याशी निगडित असलेल्या या विमानतळाची पर्यावरणीय मंजुरी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१४ मध्ये रद्द केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला.

या दोन्ही प्रकरणांत न्यायपीठांनी तपासली ती प्रक्रिया. विमानतळासाठी मोपा योग्य की दाबोळी, याचे उत्तर न्यायालयाने दिले नाही आणि ते देणे त्याचे कामही नव्हे. निर्णय प्रामाणिक माहितीवर आणि विहित पद्धतीने झाला की नाही, एवढेच न्यायालय पाहते. त्यामुळे न्यायालयीन निकालाने प्रकल्पाचा मार्ग मोकळा होतो किंवा बंद होतो, पण पराभूत पक्षाचे समाधान होईलच असे नाही. शिवाय न्यायालयाची पायरी चढेपर्यंत यंत्रसामग्री पोहोचलेली असते, पैसा गुंतलेला असतो आणि अनेकदा झाडेही पडलेली असतात.

कायदे आहेत, पण क्रम उलटा

भारतात लोकांचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद नाही, असे नाही. सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक प्रभाव निर्धारण आणले. सार्वजनिक-खासगी भागीदारीतील प्रकल्पांसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमतीही आवश्यक केली. तथापि राज्यांच्या स्वतंत्र कायद्यांखाली भूसंपादन केले की यांपैकी काही टप्पे गळून पडतात.

खरी अडचण आहे ती क्रमाची. केंद्र शासनाच्या २००८ च्या नव्या विमानतळांविषयीच्या धोरणात प्रथम स्थळास मंजुरी आणि नंतर तत्त्वतः मान्यता असे टप्पे आहेत. स्थळ तपासताना हवाई क्षेत्र, संरक्षण आणि हवामान अशा तांत्रिक बाबी पाहिल्या जातात. ग्रामस्थांची गाठ पडते ती त्यानंतर, पर्यावरणीय जनसुनावणीत किंवा भूसंपादनाच्या नोटिशीत. तोवर ‘कोठे’ हा प्रश्न निकाली निघालेला असतो आणि ‘किती मोबदला’ एवढाच उरतो. लोकांचे मत मागविण्याचा हा प्रकार म्हणजे वरातीमागून घोडे होय. आपल्या गावाची निवड का झाली आणि शेजारचे माळरान का वगळले, याचे उत्तर देणारा कागद गावकऱ्याला पाहावयास मिळत नाही. मग त्या जागी तर्ककुतर्क येतात. कोणाच्या जमिनी वाचविण्यासाठी आपल्या घेतल्या, याची चर्चा चावडीवर सुरू होते आणि पुढील प्रत्येक सर्वेक्षणाकडे संशयाने पाहिले जाते.

नारिताने मोजलेली किंमत

उलट्या क्रमाचा परिणाम किती दूरवर जातो, याचा धडा जपानमधील नारिता विमानतळाने जगाला दिला आहे. टोकियोच्या नव्या विमानतळासाठी प्रथम तोमिसातो परिसर ठरविण्यात आला होता. तेथे विरोध होताच जुलै १९६६ मध्ये जपानी मंत्रिमंडळाने सानरिझुका येथील जागा निश्चित केली. स्थानिक शेतकऱ्यांना विश्वासात घेतले गेले नव्हते. त्यांतील अनेकांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ओसाड जमीन स्वतःच्या कष्टाने लागवडीखाली आणली होती. सक्तीच्या भूसंपादनातून संघर्ष पेटला आणि १९७१ मध्ये एका चकमकीत तीन पोलीस ठार झाले. मार्च १९७८ मध्ये आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यात घुसून यंत्रसामग्रीची नासधूस केली. विमानतळ मे १९७८ मध्ये सुरू झाला, तो एकाच धावपट्टीनिशी.

तोडगा निघण्यास त्यानंतरही अनेक वर्षे लागली. नोव्हेंबर १९९१ ते मे १९९३ या काळात मिकिओ सुमिया आणि अन्य विद्वानांच्या तटस्थ गटाच्या पुढाकाराने शासन आणि विरोधक यांच्यात पंधरा जाहीर परिसंवाद झाले. शासनाने सक्तीच्या संपादनाचा मार्ग सोडून दिला. पुढे गोलमेज बैठका झाल्या आणि १९९५ मध्ये पंतप्रधान तोमिइची मुरायामा यांनी शासनाच्या वतीने क्षमायाचना केली. काही शेतकऱ्यांनी त्यानंतरही जमीन दिली नाही, म्हणून दुसरी धावपट्टी २००२ मध्ये नियोजित लांबीपेक्षा आखूड स्वरूपात सुरू करावी लागली. १९९१ मध्ये झालेला संवाद १९६६ मध्ये झाला असता तर प्रत्येकजण राजी झाला असता, असा दावा कोणी करणार नाही. पण तो संवाद आरंभी टाळल्यामुळे वेळ वाचला, असेही कोणास म्हणता येणार नाही.

पुरंदरपुढील कसोटी

या पार्श्वभूमीवर पुणे जिल्ह्यातील पुरंदरच्या प्रस्तावित विमानतळाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. लोहगावचा विमानतळ हवाई दलाच्या तळावर असल्याने पुण्यास स्वतंत्र विमानतळाची आवश्यकता आहे. यापूर्वी चाकण-खेड परिसरातील जागांचा विचार झाला आणि तो विरोधामुळे मागे पडला. २०१६ मध्ये पुरंदर तालुक्यातील पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या सात गावांच्या परिसराची निवड झाली. मध्यंतरी रिसे-पिसे परिसराचा पर्याय पुढे आला, तो संरक्षण मंत्रालयाने नाकारला आणि चक्र पुन्हा मूळ सात गावांवर येऊन थांबले.

अंजीर आणि सीताफळाच्या बागांसाठी हा तालुका ओळखला जातो. फळबाग एका हंगामात उभी राहत नाही आणि एका धनादेशाने दुसरीकडे नेताही येत नाही. मे २०२५ मध्ये ड्रोनद्वारे सर्वेक्षण करण्याच्या प्रयत्नात ग्रामस्थ आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला व सर्वेक्षण थांबवावे लागले. त्यानंतर शासनाने संपादनाचे क्षेत्र सुमारे सात हजार एकरांवरून तीन हजार एकरांवर आणले आणि जमीन देणाऱ्यांना दहा टक्के विकसित भूखंड देऊ केला. त्याच वर्षी बहुसंख्य जमीनधारकांनी संमती दिल्याचे प्रशासनाने सांगितले.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. संघर्षानंतर निम्म्याहून कमी क्षेत्रात विमानतळ बसू शकतो, तर आरंभी अधिक क्षेत्राची मागणी कोणत्या आधारावर केली होती? त्याचे सविस्तर उत्तर आधीच प्रसिद्ध झाले असते, तर कदाचित मे महिन्यातील तो प्रसंग टळला असता. शासनाने नमते घेतले याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु दबावाखाली दिलेली सवलत आणि विचारविनिमयातून ठरलेला तोडगा यांत फरक असतो. पहिल्यामुळे ‘आणखी ताणले तर आणखी मिळेल’ असा संदेश जातो. दुसऱ्यामुळे विश्वास निर्माण होतो.

पुढची दिशा

या सर्व उदाहरणांतून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, सर्व संभाव्य स्थळांची तुलना स्थळनिश्चितीपूर्वी प्रसिद्ध व्हावी. तीत प्रत्येक ठिकाणी विस्थापित होणारी कुटुंबे, पिकाऊ जमीन, वने, पाण्याचे प्रवाह, जमिनीच्या मालकीची स्थिती आणि खर्च यांचा समावेश असावा. दुसरा असा की, या तुलनेवरील सुनावणी प्रकल्प राबविणाऱ्या यंत्रणेऐवजी तटस्थ मंडळापुढे व्हावी. प्रकल्पाचा प्रवर्तकच सुनावणीचा सूत्रधार असेल तर तिच्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. तिसरा असा की, जमीन गमावणाऱ्यास वाढत्या किमतीत वाटा मिळावा आणि ज्यांच्या नावावर सातबारा नाही, अशा शेतमजूर व मच्छीमार कुटुंबांचाही त्यात विचार व्हावा.

चौथी बाब तितकीच महत्त्वाची आहे. या प्रक्रियेस निश्चित कालमर्यादा हवी. जनसुनावणीच्या मंडपात शेतकरी येतो, पर्यावरणाचा कार्यकर्ता येतो, पण दररोज लोकलच्या दारात लोंबकळत प्रवास करणारा तेथे येत नाही. प्रकल्पास विलंब झाला तर त्याची झळ त्याला पोहोचते आणि तिची नोंद कोठेही होत नाही. म्हणून अमर्याद चर्चा हाही न्याय्य मार्ग नव्हे. स्थळनिवडीच्या टप्प्यावर एक-दीड वर्ष खुलेपणाने खर्च करावे आणि एकदा कारणांसह निर्णय झाला की शासन कोणाचेही असले तरी तो सहजासहजी बदलू नये, हा मध्यम मार्ग होऊ शकेल.

देशात नव्या विमानतळांची, मेट्रो मार्गांची आणि वेगवान रेल्वेची कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली आहेत. तमिळनाडूतील परंदूर येथे चेन्नईच्या दुसऱ्या विमानतळाच्या प्रस्तावाविरुद्ध २०२२ पासून एकनापुरम आणि आसपासच्या गावांत आंदोलन उभे राहिले. म्हणजेच पुरंदरचा प्रश्न एकट्या पुरंदरचा नाही. कोणतीही जागा सर्वांना मान्य होईल अशी अपेक्षा बाळगणे व्यर्थ आहे. मात्र ज्याची जमीन जाणार आहे त्याला ‘तुझीच का?’ या प्रश्नाचे उत्तर मोजणीची साखळी शेतात येण्यापूर्वी मिळाले पाहिजे. ते उत्तर त्याला पटेलच असे नाही. पण ते आधी देण्याची तयारी ज्या शासनापाशी असेल, त्याला ते नंतर न्यायालयात किंवा रस्त्यावर देण्याची वेळ कमी येईल.